पहिल्या सुरीचं पोलाद निवडताना आधी भट्टीकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरामागे विटा-मातीची छोटी भट्टी केली आहे. वारा द्यायला जुना हेअर ड्रायर, जळणाला लाकडी कोळसा आणि ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा. स्वयंपाकघरात वापरता येईल अशी पहिली सुरी घडवायची आहे. जवळ चार वस्तू आहेत: बांधकामातून उरलेली १२ मिलिमीटरची सळई, ट्रकच्या कमानपाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) तुकडा, एक मोठं बेअरिंग आणि दोन झिजलेल्या कानशी. त्यात मित्र म्हणतोय, हे सगळं भंगार आहे, सरळ डी-२ हे डायचं (साच्यांचं) पोलाद मागव. तर यातलं सगळ्यात चांगलं पोलाद कोणतं?

एका शब्दात हवं असेल तर पाटा. पण तेवढ्यावर थांबलात तर पहिली सुरी वाकेल किंवा तुटेल आणि तुम्ही दोष पाट्याला द्याल. म्हणून जरा बैजवार सांगतो.

प्रत्येक पोलादाचं तापवायचं, त्या तापावर धरायचं आणि थंड करायचं एक गणित असतं. काहींचं गणित इतकं ढिलं असतं की थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. काहींना वीस-पंचवीस अंशांची चूकही खपत नाही. तेव्हा ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ यापेक्षा ‘कोळसा, डोळा आणि चुंबक एवढ्या भांडवलावर मी कोणत्या पोलादाला नीट पाणी देऊ शकेन, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करू शकेन’ हा तुमचा खरा प्रश्न आहे.

हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही लाज वाटावी अशा रीतीनं. मी बावीस वर्षं एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये काढली. तिथे ईएन-३१ म्हणजे बेअरिंगच्या जातीचं पोलाद रोजचंच. मला वाटायचं, ह्याला आपण झोपेतही पाणी देऊ. घरी पहिली सुरी करायची ठरवली तेव्हा मोठ्या बेअरिंगचं बाहेरचं कडं कापलं, सरळ केलं, चार संध्याकाळी घण मारून पातं काढलं. तेलात बुडवलं आणि ‘टिंग’ असा आवाज आला. पाच सेकंदांनी दुसरा. पातं तीन ठिकाणी तडकलं होतं. शॉपमध्ये ते पोलाद ८२० ते ८५० अंशांच्या मधे ठरलेली मिनिटं बसायचं, भट्टीचा काटा हलायचा नाही. घरी मी ते कोळशात खालीवर करत होतो. एका जागी पिवळं, दुसऱ्या जागी काळपट लाल. पोलाद तेच होतं, हातही तोच होता, भट्टी तेवढी वेगळी होती.

आता तुमच्याकडच्या वस्तू घेऊ.

सळई बाजूला ठेवा. तिच्यावर ‘टीएमटी’ लिहिलेलं असतं आणि ती कापताना ब्लेड घासतं, म्हणून ती कडक पोलादाची असावी असा बऱ्याच जणांचा समज होतो. तो कडकपणा तयार होताना आलेला असतो. गरम सळईवर पाण्याचा मारा करून फक्त बाहेरची साल कडक करतात, आणि आतल्या उष्णतेनं ती साल पुन्हा थोडी उतरते. तुम्ही सळई भट्टीत लाल केली की हे सगळं पुसलं जातं. उरतं ते कमी कार्बनचं पोलाद. आयएस १७८६ या भारतीय मानकात एफई ५०० जातीच्या सळईला कार्बनची कमाल मर्यादा ०.३० टक्के आहे. एवढ्या कार्बनवर धार टिकेल इतका कडकपणा येत नाही. सुरी दिसेल सुरीसारखी, टोमॅटोही पहिल्या दिवशी कापेल. पण ह्या सळईचं एक काम आहे. पहिले चार-पाच दिवस तिच्यावर हात बसवा. टोक काढणं, चपटं करणं, पाठ सरळ ठेवणं, सांडशीत धरण्याची सवय हे सगळं सळईवर शिका. ती बिघडली तर वाईट वाटत नाही.

कानशीत बहुतेक वेळा कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, म्हणून जुनी माणसं कानशीच्या सुरीचं कौतुक करतात आणि ते खोटं नाही. अडचणी तीन आहेत. स्वस्तातल्या काही कानशी आतून मऊ असतात, फक्त कातडीला कार्बन दिलेला असतो. ती कातडी घासली की खाली काही उरत नाही. दुसरं म्हणजे दाते. ते ग्राइंडरनं पूर्ण काढल्याशिवाय घडवायला घेतलं तर दात्यांच्या खाचा हातोड्याखाली मिटतात, दिसेनाशा होतात आणि पाणी देताना तिथूनच तडा जातो. तिसरी अडचण मोठी. अशा साध्या, जास्त कार्बनच्या पोलादाला अतिशय झटकन थंड व्हावं लागतं. लाल रंगापासून साधारण ५४० अंशांच्या खाली यायला त्याला सेकंदभराचाच अवधी मिळतो. घरातलं तेल तेवढं चपळ असेलच असं नाही, आणि पाण्यात बुडवलं तर नवख्याचं पातं अनेकदा तडकतं. कानशी टाकू नका, जपून ठेवा. एक तर कडकपणा तपासायला लागणारच आहे.

बेअरिंगचं माझं पुराण सांगून झालं. डी-२ त्याच्याही पुढचं. आपल्या बाजारात ते एचसीएचसीआर नावानं मिळतं. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम बारा टक्क्यांच्या घरात. डाय करायला ते उत्तमच, पण त्याला पाणी द्यायचा ताप हजार अंशांच्या वर, तिथे ते वीस-तीस मिनिटं धरावं लागतं, आणि ते नुसत्या हवेतही कडक होतं. म्हणजे घडवताना दोन तापांच्या मधे ते थोडं गार झालं आणि तुम्ही हातोडा मारलात की संपलं. तुमचा मित्र बहुधा तयार पट्टी ग्राइंडरनं घासून, पाणी द्यायला बाहेर पाठवून सुऱ्या करत असेल. तो मार्ग चांगला आहे, पण त्यात घडवणं नसतं.

राहिला पाटा. ऊसतोडीचा कोयता, कुऱ्हाड, खुरपं यांसाठी गावोगावचे लोहार वर्षानुवर्षं गाडीचा पाटाच वापरत आले आहेत, आणि त्यांच्या भट्ट्या तुमच्यापेक्षा फार वेगळ्या नसतात. आमच्या गल्लीतले लोहारकाका पाट्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नसत. कारण विचारलं तर म्हणायचे, “हे रुसत नाही.” शॉपच्या भाषेत त्याचा अर्थ असा: पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के, सोबत मँगनीज आणि जातीनुसार सिलिकॉन किंवा क्रोमियम. धार येण्याइतका कार्बन आहे, पण तापावर धरून बसण्याची कटकट होण्याइतका नाही. आणि बाकीच्या धातूंमुळे ते तेलातही व्यवस्थित कडक होतं, त्याला पाण्याचा धसका द्यावा लागत नाही.

पाट्याच्या दोन जाती तुम्हाला भेटतील. ईएन-४५, ज्यात सिलिकॉन दीड-दोन टक्के असतं, आणि एसयूपी-९, ज्यात सिलिकॉन नावापुरतं आणि क्रोमियम पाऊण-एक टक्क्याच्या आसपास असतं. बाहेरून फरक कळत नाही. पण पाणी देताना कळतो, म्हणून लक्षात ठेवा. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला चिकटणं सोडतं. म्हणून सगळे सांगतात, ‘चुंबक सुटलं की तेलात घाला.’ एसयूपी-९ ला ८३० ते ८५० अंश लागतात, ईएन-४५ ला सिलिकॉनमुळे त्याहून थोडे वर, ८५० ते ८८०. म्हणजे चुंबक सुटल्यावर आणखी एक छटा उजळ होऊ द्यायची आणि मग बुडवायचं. चुंबक सुटताक्षणी बुडवलेलं ईएन-४५ अर्धवट कडक होतं आणि माणूस म्हणतो, पाट्याला धारच येत नाही. उलट बाजूनं, पिवळ्या रंगापर्यंत नेलंत तर पोलादाच्या आतला दाणा वाढतो, म्हणजे त्याचे कण जाड होतात, आणि पातं खापरीसारखं तुटतं. ही छटा भर उन्हात दिसत नाही. संध्याकाळी, सावलीत काम करा.

आता तुमच्या पाट्याविषयी. ट्रकचा पाटा दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. हातोड्यानं तो तीन-चार मिलिमीटरवर आणायचा म्हणजे एकट्या माणसाचा, नव्या मनगटाचा आणि हेअर ड्रायरच्या भट्टीचा छळ आहे. प्रत्येक जादा तापाला वरून कार्बन जळतो आणि खवले झडतात. जीप किंवा छोट्या टेम्पोचा, सहा-सात मिलिमीटरचा पाटा शोधा. किंवा जाड पाटा लांबीत चिरून अरुंद पट्ट्या काढा आणि त्यातल्या एका पट्टीवर काम करा.

दुसरं, तो जुना आहे. लाखो खड्डे खाल्लेला पाटा आतून कुठे चिरलेला आहे हे डोळ्यांना दिसत नाही. घरगुती उपाय सांगतो. गंज घासून काढा, डिझेल चोळा, अर्धा तास ठेवा, फडक्यानं अगदी कोरडा पुसा आणि वरून खडूची बारीक पूड लावा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग तसाही घेऊ नका, तिथे चिरा जास्त. आणि हे सगळं उघड्यावर, भट्टी थंड असताना.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे हायवेवर ट्रकच्या कमानी दुरुस्त करणारी दुकानं. तिथे नव्या पाट्यांची टोकं कापली जातात आणि ते तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. न वापरलेलं पोलाद, चिरांची भीती नाही, आणि दुकानदाराला विचारलं तर जातही कळण्याची शक्यता असते. एकच तुकडा आणू नका. एकाच पाट्याचे पाच-सहा तुकडे आणा. प्रत्येक वेळी वेगळं भंगार उचललं तर सुरी बिघडली ती तुमच्या हातानं की पोलादानं, हे कधी कळणार नाही. मी पहिल्या वर्षात सात प्रकारचं भंगार वापरलं आणि शिकलो काहीच नाही.

रेल्वेचा रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंग-क्लिपांबद्दल नंतर कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. पोलाद म्हणून त्या छानच, पाट्याच्याच भाऊबंदातल्या. पण रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ नावाचा कायदा आहे, आणि भंगारवाल्याकडच्या क्लिपा कुठून आल्या हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येऊ शकते. तुमच्या ऐरणीचा रूळही लिलावाच्या पावतीचा असेल असं धरून चालतो!

पोलाद हाती आलं की लगेच सुरी घडवायला घेऊ नका. आधी त्या पाट्यातून बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी काढा आणि तिचा जीव घ्या. टोक घडवून तीन मिलिमीटर करा. मग तीन वेळा लाल करून हवेत गार होऊ द्या, दर वेळी आधीपेक्षा जरा कमी लाल. ह्याला नॉर्मलायझिंग म्हणतात. घडवताना वाढलेला दाणा त्यानं परत बारीक होतो. नंतर पाणी द्यायच्या तापाला आणून तेलात बुडवा. गार झाल्यावर वरचा काळा थर थोडा घासा आणि तुमची ती कानस फिरवा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. चावली तर ताप कमी पडला किंवा पोलाद कमी कार्बनचं. घसरली तर टोक व्हाइसमध्ये धरा, वर फडकं टाका, चष्मा लावा आणि हातोडा मारून मोडा. आतला भाग राखाडी, मखमलीसारखा, दाणा दिसू नये इतका बारीक असेल तर तुमचा ताप बरोबर आहे. जाड रव्यासारखा चमकत असेल तर जास्त तापवलंत. अशा तीन-चार पट्ट्या मोडल्या की डोळ्याला रंग कळायला लागतो. हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून येत नाही. माझा ‘गडद लाल’ आणि तुमचा ‘गडद लाल’ एकच असेल याची खात्री नाही.

तेलाचं. ‘पाणी देणं’ हा शब्द जुना आहे, पण पाट्याला खरं पाणी देऊ नका, तडकेल. सूर्यफुलाचं किंवा शेंगदाण्याचं साधं खाद्यतेल चार-पाच लिटर, लोखंडी उभ्या डब्यात, झाकणासकट. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा. ऐकायला उलटं वाटतं, पण कोमट तेल पातळ असतं आणि थंड तेलापेक्षा जलद उष्णता ओढतं. पातं पूर्ण बुडवा आणि धारेच्या दिशेनंच पुढे-मागे हलवा. आडवं हलवलंत तर वाकतं. अर्धं बुडवून थांबलात तर तेल पेट घेतं. पेटलंच तर झाकण टाका, पाणी कधीही नाही. इंजिनचं जुनं तेल फुकट मिळतं म्हणून वापरू नका. त्याचा धूर वाईट, आणि ही सुरी भाजी चिरणार आहे. ह्याच कारणानं गॅल्व्हनाइज्ड किंवा क्रोमचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका. जस्ताच्या धुरानं रात्री ताप भरतो, अनुभवाचे बोल.

तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे. कोमट असतानाच घरच्या ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. ट्रेमध्ये वाळू पसरून तिच्यात पातं ठेवा आणि वेगळा ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवा. घासून चकचकीत केलेल्या भागावर वाळलेल्या गवताचा रंग आला की बरोबर. जांभळा-निळा आला तर पातं गरजेपेक्षा मऊ झालं, पुन्हा पाणी द्यावं लागेल. ह्या पद्धतीनं पाट्याची सुरी रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साधारण ५६ ते ५८ ला बसते. जपानी सुऱ्यांचे आकडे वाचून हे कमी वाटेल, पण सुरणावर, नारळाच्या खोबऱ्यावर, चुकून हाडावर वापरायची सुरी एवढीच असावी. बोथट झाली तर दगडावर दोन मिनिटांत परत येते.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमच्याकडे पुढेमागे गॅसची भट्टी आणि तापमान दाखवणारं थर्मोकपल आलं, तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा ईएन-४२ या जातीच्या पोलादाची नवी पट्टी घ्या. त्यात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास असतो आणि धार पाट्यापेक्षा बारीक लागते. मुंबईच्या आसपास असाल तर कळंबोलीचा पोलादाचा बाजार आहे, पुण्यात बोहरी आळीपासून विचारत निघा. मात्र नव्या पट्टीसोबत टेस्ट सर्टिफिकेट मागा, कारण काउंटरवर ‘ईएन’ म्हटलं की कधीकधी ईएन-८ हातात पडतं. त्यात कार्बन ०.४० च्या आसपास, शाफ्टला उत्तम, सुरीला अपुरं. ठिणगीवरूनही अंदाज येतो. ग्राइंडरला लावल्यावर सळईच्या ठिणग्या लांब सरळ रेघांच्या असतात, कार्बन वाढला की टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. सळई आणि कानस शेजारी शेजारी लावून बघा, मग अनोळखी तुकडा लावा.

आकार लहान ठेवा. पातं चार-पाच इंच, पाठीला तीन मिलिमीटर, पाणी देण्याआधी धारेला निदान एक मिलिमीटर जाडी शिल्लक. आधीच धार काढलेलं पातं तेलात लाटेसारखं वाकतं. मोठ्या खंजिराच्या मोहात पडू नका. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं, घरकामाचं किंवा शेतीचं नसेल, तर शस्त्र कायद्यात येतं. आणि खंजिराला तर घरकामाची सबबच चालत नाही.

पाणी दिल्यानंतरचं सगळं घासकाम उघड्या बोटांनी करा, हातमोजे न घालता. पातं बोटाला चटका देण्याआधी पाण्यात बुडवा. धारेवर निळा डाग उमटला की तेवढी जागा मऊ झाली समजा, मग भट्टीपासून सगळं परत. सुरी तयार झाल्यावर लिंबू-कैरी कापलीत तर लगेच धुऊन पुसा. काळपट पडेल ते चालेल, लाल गंज चालायचा नाही.

तेव्हा ह्या आठवड्यात सळई, पुढच्या आठवड्यात कमानीच्या दुकानात फेरी, मग मोडायच्या पट्ट्या. पट्टी मोडल्यावर आतला दाणा कसा दिसला आणि पाटा कोणत्या गाडीचा होता, हे दोन्ही कळवा. फोटो काढणार असाल तर बाजूला रव्याची चिमूट ठेवा, म्हणजे मला आकार कळेल.